मदत हवी आहे: २५ जूनची क्विझ, मायकल जॅक्सन घ्यायचा की नाही?

मंडळी, आमच्या सोसायटीत 'एकच तारीख' अशी क्विझ घेतोय आणि तारीख निघालीय २५ जून, म्हणजे लॉटरीच लागली म्हणा. १९३२ ला भारताची पहिलीवहिली टेस्ट याच दिवशी लॉर्ड्सवर सुरू झाली, कॅप्टन सी. के. नायडू, आणि १९८३ ला त्याच लॉर्ड्सवर त्याच तारखेला वर्ल्डकप! आपण १८३, वेस्ट इंडीज १४० ला खल्लास, मॅन ऑफ द मॅच मोहिंदर अमरनाथ १२ रनांत ३ विकेट (सगळे कपिलचा कॅचच सांगतात, बिचारा मोहिंदर राहतो बाजूला). शिवाय १९५० ला कोरियन युद्ध सुरू.

आता घोळ असाय की मायकल जॅक्सन गेला २००९ च्या २५ जूनला दुपारी लॉस एंजेलिसमध्ये, पण तेव्हा आपल्याकडे २६ ची पहाट होती, तीन वाजत आलेले. आणीबाणीचंही तसंच, १९७५ ला राष्ट्रपतींची सही २५ च्या रात्री, पण लोकांना कळलं २६ ला सकाळी इंदिराबाई रेडिओवर बोलल्या तेव्हा. मी म्हणतो जिथे घडलं तिथली तारीख धरा, पण कमिटीतले एक काका ऐकायलाच तयार नाहीत, त्यांना भारतीय वेळच पाहिजे. तुम्ही काय केलं असतं?

आणि आणीबाणीला लागून लगेच वर्ल्डकपचा प्रश्न विचित्र वाटेल का? ज्येष्ठ मंडळी बरीच असतात. २५ जूनचं नाटक-सिनेमातलं काही पक्कं माहीत असेल तर तेही टाका प्लीज, फॉरवर्ड नको.