शब्दचर्चा: वर्णपटातली ‘ठळक’ रेषा म्हणजे ‘मुबलक’ मूलद्रव्य?

प्रश्न: अभिजित ताऱ्याच्या वर्णपटाबद्दल (रंगांत विभागलेल्या प्रकाशाबद्दल) भाषांतरात असं वाक्य आलंय: ‘अभिजितच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा सूर्यापेक्षा ठळक आहेत, म्हणजेच तिथे हायड्रोजन अधिक मुबलक आहे.’ रेषा काळ्या आहेत, मग ‘ठळक’ म्हणावं की ‘गडद’?

— ‘ठळक’च ठेवा. ‘गडद’मध्ये फक्त काळेपणा येतो. रेषेची खोली आणि रुंदी मिळून तिने किती प्रकाश गिळला ते मोजतात, आणि ‘ठळक’मध्ये दोन्ही सामावतं. खरी चूक ‘म्हणजेच’मध्ये आहे. दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषा (६५६.३, ४८६.१ नॅनोमीटर वगैरे) उमटायला अणूतला इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या ऊर्जापातळीवर असावा लागतो. तिथे चढायला १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूच्या मापाचं ऊर्जेचं एकक) लागतात. सूर्याच्या ५,७७२ केल्विनला असे अणू अब्जात पाचेक, तर अभिजितच्या साधारण ९,६०० केल्विनला दहा लाखांत अठराएक. याहून बऱ्याच तप्त ताऱ्यांत हायड्रोजनचा इलेक्ट्रॉनच निसटतो आणि रेषा पुन्हा फिक्या होतात. म्हणून ठळकपणा आधी तापमान सांगतो. मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणाने हा हिशेब करता येऊ लागला. तोच वापरून खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजन-हीलियमचे असल्याचं दाखवलं.

— उलटं उदाहरणही द्या. सूर्याच्या दृश्य वर्णपटात सगळ्यांत ठळक रेषा आयनित (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कॅल्शियमच्या, ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरवर. प्रत्यक्षात दहा लाख हायड्रोजन अणूंमागे कॅल्शियमचे जेमतेम दोन!

प्रश्न: याच दोन रेषांना मूळ मजकुरात ‘के’ आणि ‘एच’ म्हटलंय. ‘एच’चं मी ‘हायड्रोजनची रेषा’ केलं होतं.

— बदला. ती जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रॉनहोफरच्या नामावलीतली अक्षरं आहेत (‘के’ तिला नंतर जोडलं गेलं). त्याने १८१४ मध्ये रेषांना क्रमाने नावं दिली, तेव्हा त्या कशाच्या हे ठाऊक नव्हतं. त्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ तर सूर्याच्याही नाहीत, आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनच्या आहेत. आणि ‘के वर्गाचा तारा’ (तापमानानुसार पाडलेला ताऱ्यांचा एक वर्ग, उदा. रोहिणी) मधल्या ‘के’चा या ‘के’शी काही संबंध नाही. तेव्हा नुसतं अक्षर कधीच सोडू नका; ‘के रेषा’ किंवा ‘के वर्ग’ असं पुरतं लिहा.

— ‘रेषा’ आणि ‘पट्टा’ यांचीही सरमिसळ टाळावी. अणूची रेषा, रेणूचा पट्टा. काक्षीसारख्या ३,५०० केल्विनच्या आसपासच्या ताऱ्यात टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे दिसतात. तप्त ताऱ्यात हा रेणू टिकतच नाही. शिवाय खगोलशास्त्रात ‘धातू’ म्हणजे हीलियमपेक्षा जड सगळं काही, अगदी कार्बन-ऑक्सिजनसुद्धा. तो शब्द पहिल्यांदा येईल तिथेच हे सांगावं, नाहीतर वाचक लोखंड-तांब्याकडे वळतो.

प्रश्न: मग वाक्य असं करतो: ‘अभिजितच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा सूर्यापेक्षा ठळक आहेत, कारण त्याचा पृष्ठभाग अधिक तप्त आहे.’

— बरोबर. फक्त ‘पृष्ठभाग’ऐवजी ‘दीप्तिगोल’ (ताऱ्याचा प्रकाश देणारा दृश्य थर) लिहू नका. अचूक आहे, पण या वाक्याला जड होईल.