अनुभव धागा: तुमच्या घरी नाताळ पाळतात का?

मी नगरची. दहावीत असताना बाबा दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, जायला लागले आणि त्या वर्षी आमच्या दारावर चांदणी लागली नाही. २५ डिसेंबर शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठेच नाही, आणि त्यातल्याच गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल दिवस-महिने पाळणाऱ्यांची चिंता करतो, असं तिथले पाळक शिकवत. आजीने तरीही करंज्या केल्या. आईने एकही तोंडात घातली नाही. आता माझी पाच वर्षांची लेक चांदणी मागतेय. ख्रिस्ती माणसाने सण पाळावेत का, हा वाद मला घालायचा नाही. तुमच्या घरात काय घडलं, ते लिहा.

वसईहून
आम्ही कॅथलिक, त्यामुळे हा प्रश्नच कधी पडला नव्हता. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा म्हणजे उपासना, सगळं ठरलेलं. आई डिसेंबरच्या सुरुवातीला गेली, तेव्हा घरात काहीच केलं नाही. मिस्साला मात्र गेलो. परत आलो तर ओट्यावर शेजाऱ्यांनी झाकून ठेवलेली चार ताटं. सण पाळणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

पुण्याहून
आम्ही शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, पाळणारे, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. नाताळची आमच्यावर सक्ती नाही, शब्बाथाची आज्ञा आहे. शेवटच्या वर्षी एक पेपर शनिवारी आला. अर्ज केला, उपयोग झाला नाही. पेपर सोडला, वर्ष गेलं. घरी कोणी रागावलं नाही, पण बाबा आठवडाभर गप्प होते. पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच करीन.

सोलापूरहून
आमचे पूर्वज अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. ते मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. ते ज्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, परंपरेतले, तिने मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. आणि त्यांच्याच मंडळीतली आम्ही पोरं थंडीत कुडकुडत, ढोलकी घेऊन, रात्रभर घरोघर गात फिरायचो! म्हणून 'आपल्यात हे नव्हतंच' असं कोणी ठासून सांगितलं की मी विचारते, आपल्यात म्हणजे कधी?

ठाण्याहून
मी नर्स. सलग सहा नाताळ ड्युटीवर. पाळले म्हणायचे की नाही, मला माहीत नाही.

धागाकर्ती, नगर
सगळं वाचलं. वसईची ताटं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढून बसले: कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाची आपल्या मनात खात्री असावी. मग बाबांना फोन केला. नाताळ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण २५ तारखेला जेवायला येतो म्हणाले. चांदणी काढून ठेव, असंही म्हणाले नाहीत. आईला आजीच्या करंज्यांचं सारण विचारलं. तिला प्रमाणासकट पाठ आहे.