लाईट गेल्यावर कंटेनर उठत नसतील तर
लाईट जाऊन आली की सर्व्हर चालू होतो पण डॉकरचे कंटेनर (ज्या वेगवेगळ्या डब्यांत आपले प्रोग्राम चालतात ते) बंदच राहतात म्हणतोयस ना, आमच्या सांगलीत मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात बिलिंगचं असंच झालतं. आधी सिस्टमसीटीएल इनेबल डॉकर कर, म्हणजे सर्व्हरसोबत डॉकर आपोआप चालू होईल, मग डॉकर अपडेटनं रिस्टार्ट पॉलिसी अनलेस-स्टॉप्ड लाव (आपण स्वतः बंद केला नसेल तर कंटेनर आपोआप उठतो), ती चालत्या कंटेनरला पण लागते.

आणि लॉगकडं (कंटेनर लिहित जातो त्या नोंदींकडं) पण बघ भावा, हे लोक विसरतातच, लॉग साठवणारा डिफॉल्ट जेसन-फाईल ड्रायव्हर लॉग कापतच नाय, वाढत वाढत डिस्क फुल होते. डीमन.जेसन या डॉकरच्या सेटिंग फाईलमध्ये मॅक्स-साईज 10 एम (10 एमबी), मॅक्स-फाईल 3 टाकून डॉकर रिस्टार्ट कर, पण जुन्या कंटेनरला ते लागू होत नाय, काढून परत बनवावेच लागतात. त्याआधी डेटा व्हॉल्यूममध्ये (कंटेनर काढला तरी राहणाऱ्या जागेत) आहे का तेवढं नक्की बघ, नायतर कंटेनरसोबत सगळा हिशोब जाईल.