अणुकार्यक्रमावरून होऊ घातलेल्या युद्धाला विरोध करताना ठरावात नेमके काय लिहावे?

येरळाकाठ (तासगाव तालुका), ११ ऑक्टोबर २०२५

सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दिवाळीनंतरच्या रविवारी सभा आहे. इराणवर पुन्हा हल्ला होऊ नये आणि तो टळावा म्हणून भारत सरकारने उघड भूमिका घ्यावी, असा ठराव त्या सभेत मांडायचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. १३ जूनला इस्राएलने हल्ले सुरू केले, २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले आणि २४ जूनला शस्त्रसंधी झाली. पण त्या बारा दिवसांत इराणच्या अणुकार्यक्रमाचा मूळ प्रश्न सुटला नाही आणि सप्टेंबरच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध पुन्हा लागू झाल्यापासून दुसऱ्या फेरीची भाषा कानावर येऊ लागली आहे.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा वाचनालयात नेहमी येणाऱ्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, म्हणजे त्यांनी बॉम्ब बनवला तरी चालेल, असे तुमचे म्हणणे आहे का?” तसे माझे म्हणणे मुळीच नाही, पण त्या क्षणी मला त्याला नीट उत्तर देता आले नाही आणि ती गोष्ट मला चार दिवस टोचते आहे. दुसरा म्हणाला, द्राक्षाची छाटणी ऐन भरात असताना इराणचा ठराव कोणाला सुचतो? यालाही उत्तर द्यायला हवे असे मला वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त सुभेदार, सातारा

गुरुजी, नमस्कार. मराठा लाइट इन्फंट्रीत माझी २४ वर्षे नोकरी झाली, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली एक पांढरी फरशी आहे. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर लिहिलेले आहे, नावे नाहीत. सातारा जिल्ह्यात अशा फरश्या तुम्हाला ठिकठिकाणी दिसतील. माझे पणजोबा त्या प्राण दिलेल्यांतले. पुण्याची सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या बाजूला उतरवण्यात आली, आणि तिला तिकडे धाडण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होते इराणातल्या आबादानच्या तेलाचे रक्षण. पुढे ती डिव्हिजन आजच्या इराकमधील कूट-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १४७ दिवसांच्या वेढ्यात घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली, आपल्या लोकांपैकी अनेकांनी ते कितीतरी दिवस तोंडाला लावले नाही, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करल्यावर जी पायपीट आणि कैद नशिबी आली तिच्यातून फार लोक परतले नाहीत. पणजीने त्यांची वाट पाहणे कधी सोडले, हे घरात कोणाला सांगता येत नाही.

तेव्हा आपल्याला विचारणारे कोणी नव्हते. २००३ साली मात्र होते. इराकवरील हल्ल्याबाबत लोकसभेने एप्रिलमध्ये ठराव केला आणि त्यात ‘निंदा’ हाच शब्द वापरला. त्यानंतर अमेरिकेने सैन्य मागितले, ते पाठवायला वाजपेयी सरकारने जुलैमध्ये नकार दिला. मी त्या वेळी नोकरीत होतो आणि आपली पलटण जाणार की काय, याची चर्चा लंगरात रोज चालायची. नकाराची बातमी आली त्या संध्याकाळी माझ्या पत्नीने फोनवर फक्त “बरं झालं” एवढेच म्हटले. देशात लोक विरोध करत होते, म्हणून सरकारला नकार देणे सोपे गेले, असे माझे ठाम मत आहे. ठराव अवश्य करा.

---

विट्याचा अभियंता

सुभेदारसाहेबांच्या भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे, तरीही मी या ठरावाशी सहमत नाही, आणि वाचनालयातल्या त्या मुलाचा प्रश्न मला रास्त वाटतो. नतांझचे केंद्र इराणने जगापासून लपवले, ते २००२ मध्ये उघडकीस आले. डोंगराखाली खोदलेले फोर्दो २००९ मध्ये उघड झाले. वीज तयार करण्यासाठी ६० टक्के समृद्ध युरेनियमाची गरज नसते, हे शाळकरी मुलालाही समजावून सांगता येते. ज्या राजवटीने इस्राएलचे अस्तित्वच मान्य केलेले नाही, तिच्या हाती अण्वस्त्र पडेपर्यंत इस्राएलने वाट पाहावी, असे सांगण्याचा अधिकार तासगावच्या किंवा विट्याच्या माणसाला कुठून येतो? १९८१ साली इस्राएलने इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली नसती, तर सद्दामकडे बॉम्ब असता, हे विसरू नये.

---

मिरजेची प्राध्यापिका

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विट्याच्या भाऊंनी दिलेली तथ्ये खरी आहेत, आणि ठरावात ती मान्य केली पाहिजेत. पण त्यांच्या ओसिराकच्या उदाहरणापासूनच सुरुवात करते, कारण ते नेमके उलटे बोलते.

ओसिराक ही फ्रान्सने बांधून दिलेली आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखालची अणुभट्टी होती. ७ जून १९८१ रोजी ती नष्ट झाली, आणि त्यानंतर सद्दामने कार्यक्रम सोडला नाही, तर तो गुप्तपणे आणि कितीतरी अधिक माणसे लावून, युरेनियम समृद्ध करण्याच्या मार्गाने सुरू केला. १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक आत गेले तेव्हा त्याचा आवाका जगाला कळला, आणि तो कार्यक्रम उखडून काढण्याचे काम त्या निरीक्षकांनी केले. तेव्हाच्या बॉम्बफेकीला तर त्यातल्या कित्येक जागा ठाऊकच नव्हत्या. २००३ मध्येही त्या संस्थेचे तेव्हाचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी ७ मार्चला सुरक्षा परिषदेत सांगितले होते की, इराकने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा मिळालेला नाही. १३ दिवसांनी युद्ध सुरू झाले, आणि शोधून शोधून शस्त्रे सापडली नाहीत.

आता ६० टक्क्यांचा मुद्दा. तासगावकरांना समजेल असे सांगते. बेदाण्याचे हजार दाणे आहेत आणि त्यांत उपयोगाचे सातच आहेत, असे समजा; नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चे प्रमाण एवढेच, म्हणजे ०.७ टक्के असते. नको असलेले दाणे निवडून काढत काढत ढिगात साधारण १२ दाणे उरले, की आपण ६० टक्क्यांवर आलो. तिथून ९० टक्क्यांच्या जवळ जायला आणखी चारच दाणे काढायचे असतात. म्हणजे बहुतेक कष्ट आधीच झालेले आहेत, आणि म्हणूनच ही गोष्ट गंभीर आहे. हल्ल्यापूर्वी इराणकडे असा सुमारे ४४० किलो साठा असल्याची संस्थेची नोंद आहे.

परंतु हा साठा आला कसा, हेही पाहावे. इराण आणि अमेरिकेसह सहा देश यांच्यातील १४ जुलै २०१५ च्या व्हिएन्ना करारानुसार इराणने ३.६७ टक्क्यांपलीकडे जायचे नाही, ३०० किलोपेक्षा अधिक साठा ठेवायचा नाही आणि निरीक्षकांना आत येऊ द्यायचे, असे ठरले होते. इराण ते पाळतो आहे, असे अहवाल संस्था वारंवार देत होती. मे २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. वर्षभराने इराण मर्यादा ओलांडू लागला. एप्रिल २०२१ मध्ये नतांझला घातपात झाला आणि त्यानंतर दोनच दिवसांत इराणने ६० टक्क्यांची घोषणा केली. या वर्षी बॉम्ब पडल्यावर इराणच्या संसदेने संस्थेशी सहकार्य थांबवण्याचा कायदा केला, निरीक्षकांना देश सोडावा लागला, आणि तो साठा आज कुठे आणि कोणत्या स्थितीत आहे, याची पडताळणी संस्थेला करता आलेली नाही. सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे, मोडता येतात. ते बनवण्याचे ज्ञान मोडता येत नाही, आणि त्या ज्ञानावर नजर ठेवणारी माणसेच आपण पहिल्या बॉम्बबरोबर बाहेर घालवतो. गुरुजी, त्या मुलाला एवढेच सांगा की, त्यांच्याकडे बॉम्ब नको आहे, म्हणूनच तुमचा युद्धाला विरोध आहे.

भारत अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या बाहेर आहे आणि इस्राएलही बाहेर आहे. इराणने मात्र त्यावर सही केलेली आहे. पोखरणनंतर १९९८ मध्ये आपल्यावर निर्बंध आले, पण आपल्यावर बॉम्ब टाकावेत असे कोणी म्हटले नाही. आपण बोलताना याचे भान असावे.

एक वैयक्तिक गोष्ट लिहिते. पुण्यात शिकत असताना इस्फहानची एक मुलगी वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहत असे. साखरेचा खडा दातांत धरून ती बिनसाखरेचा चहा प्यायची आणि आमच्या गोड चहाला नाक मुरडायची. तिच्या देशाचे सरकार तिला अजिबात मान्य नाही; डोक्यावरच्या रुमालावरून तिच्या धाकट्या बहिणीला पोलिसांनी एकदा रात्रभर बसवून ठेवले होते. जूनमध्ये तिकडचे इंटरनेट बंद पडले आणि माझ्या संदेशासमोर आठवडाभर एकच खूण दिसत राहिली. नंतर तिचे उत्तर आले. तिने लिहिले होते की, सरकारविरुद्ध बोलणारे तिच्या गल्लीतले लोक आता गप्प झाले आहेत, कारण बॉम्ब पडत असताना बोलणाऱ्याला हेर ठरवायला वेळ लागत नाही.

---

हळदपेठ, सांगली

विषय मोठा आहे, मी थोडक्यात लिहितो. इराण हा आपल्या हळदीचा जुना गिऱ्हाईक आहे, आणि तिकडे गडबड झाली की इथल्या सौद्यात त्याची चर्चा होतेच. पण मला खरी काळजी माणसांची आहे. माझा पुतण्या दोह्यात वीजजोडणीचे काम करतो. २३ जूनच्या रात्री इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा तो गच्चीवरून फोनवर बोलत होता आणि आकाशातले आवाज आम्हाला इथे स्वयंपाकघरात ऐकू येत होते. वहिनींच्या हातातली परात तशीच राहिली. आखाती देशांत आपले सुमारे ९० लाख लोक आहेत. १९९० मध्ये कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांना विमानांनी आणावे लागले होते. हे ९० लाख कसे आणणार? शिवाय जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो. छाटणीच्या दिवसांत इराण कशाला, असे विचारणाऱ्याने औषध फवारणीच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल कुठून येते, तेही पाहावे.

---

विट्याचा अभियंता

ताई, ओसिराकनंतरचा तपशील मला माहीत नव्हता. तो वाचून माझे त्या बाबतीतले मत बदलले, हे मान्य करतो. तरीही केवळ युद्धविरोधाचा ठराव अपुरा आहे. निरीक्षकांना पुन्हा पूर्ण प्रवेश मिळावा, ही मागणी इराणकडेही तितक्याच स्पष्ट शब्दांत केली जात असेल, तर मी सही करीन. एरवी नाही.

---

येरळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मसुदा पुन्हा लिहिला. “इराणच्या अणुकार्यक्रमाबद्दल जगाला वाटणारी शंका आम्ही निराधार मानत नाही” हे वाक्य आता सुरुवातीलाच आहे. त्याखाली इराणने निरीक्षकांना सर्व केंद्रांत विनाअट प्रवेश द्यावा ही मागणी आहे, आणि मग कोणत्याही देशाने इराणवर लष्करी कारवाई करू नये व भारताने तशा कारवाईला कोणत्याही प्रकारे साहाय्य करू नये, हे कलम आहे. सुभेदारसाहेब, २००३ च्या ठरावातला ‘निंदा’ हा शब्द जूनच्या हल्ल्यासाठी आम्ही जसाच्या तसा घेतला आहे. ठराव आमच्या खासदारांकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे स्पीड पोस्टाने जाईल.

ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याला सभेत सर्वांत आधी बोलायला सांगितले आहे. बेदाण्याच्या हजार दाण्यांचे उदाहरण तो प्रत्यक्ष दाणे मांडून दाखवणार आहे, त्यासाठी त्याने घरून पिशवी आणायचे कबूल केले आहे. विट्याच्या भाऊंनीही यावे. शेवटची एसटी चुकली तर मुक्कामाची सोय आमच्याकडे होईल.