लॅमिनेट फ्लोअरिंग: निवड, बसवणं, निगा (अनुभव लिहा)

पागोळी
काल पहिला जोराचा पाऊस झाला. बाल्कनीच्या दारातून आत आलेलं पाणी टिपताना जुन्या घरातली फुगलेली फळी आठवली. कडा वर आलेली, बोटाला टोचणारी. म्हणून हा धागा, जाणकारांनी भर घाला.

सुरुवात मी करते. लॅमिनेट म्हणजे सागवान नव्हे. गाभा दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंचा, त्यावर लाकडाचं छापील चित्र आणि सगळ्यात वर मेलामाइनचा पारदर्शक थर. पाणी वरून शिरत नाही, सांध्यातून शिरतं. गाभा एकदा फुगला की वाळल्यावरही पहिल्यासारखा बसत नाही. घासून पॉलिशही करता येत नाही, चित्रच निघून येईल.

रंधा
दुकानात लोक आधी जाडी विचारतात. जाडीआधी एसी आकडा बघा, तो झिजेचा आहे. घरातल्या खोल्यांना एसी ३ पुरतो, वर्दळीच्या हॉलला एसी ४ घ्या. ८ मिमी फळी घरात व्यवस्थित चालते. १२ मिमी पायाखाली भरीव वाटते, पण जमीन वरखाली असेल तर १२ मिमीनेही सांधे वाचत नाहीत.

नमुन्याचा तुकडा मागून घ्या. त्याचं एक टोक रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी दोन्ही टोकांची जाडी मोजा. कॅटलॉगमध्ये न छापलेलं बरंच काही तिथे कळतं.

सई_ठाणे
१० बाय १२ च्या खोलीला किती बॉक्स? घाईत आहे, कुकर लावलाय

रंधा
१२० चौरस फूट, त्यात कापाकापीचे ८ ते १० टक्के धरून साधारण १३०. १२१५ बाय १९५ मिमीच्या ८ फळ्या असलेल्या बॉक्समध्ये जेमतेम साडेवीस चौरस फूट बसतात. म्हणजे ७ बॉक्स. उरलेल्या फळ्या परत करू नका, दोन वर्षांनी तीच छटा मिळेलच असं नाही.

चुनाभट्टी
जुन्या टाइल्सवर टाकायचं असेल तर फरशी फोडायची गरज नाही. गवंड्याची २ मीटरची सरळ पट्टी सगळीकडे फिरवा. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे आधी लेव्हलिंगचा माल भरा. पोकळ वाजणारी टाइल काढून पक्की बसवा. हे टाळलं की चालताना फळी खाली दबते, करकरते आणि वर्षभरात सांध्याची जीभ तुटते. दोष फळीला लागतो, चूक जमिनीची असते.

तळमजल्याला ओलीची परीक्षा हवीच. दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून ४८ तास ठेवा. खाली दव धरलं किंवा कोबा काळपट झाला तर थांबा, ओल येते कुठून ते आधी शोधा. परीक्षा कोरडी निघाली तरी कोब्यावर २०० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद हवा, जोडावर २० सेंमी एकावर एक आणि टेप. मग २ ते ३ मिमीचा फोम. फोमचे दोन थर घालू नका, मऊ पडतं आणि सांधे निखळतात.

कोकणकडा
रत्नागिरीत कालपासून धो धो 🌧️ पागोळी, आयडी आज शोभतोय.

इकडच्या हवेत बॉक्स आणल्या दिवशी फोडून बसवू नये. ज्या खोलीत टाकायचं तिथेच ४८ तास बंद आडवे ठेवावेत, उभे टेकवले की फळ्या वाकतात. वाळवी असेल तर फळी टाकण्याआधीच औषध मारून घ्या. नंतर खालचं काही दिसत नाही.

पागोळी
@कोकणकडा धन्यवाद 😊 भिंतीकडच्या फटीबद्दल कोणीतरी नीट लिहा ना. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

रंधा
लिहितो. हे फ्लोअरिंग जमिनीला चिकटवलेलं नसतं, नुसतं तरंगत पडलेलं असतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. त्यामुळे भिंत, खांब, चौकट, पाइप, सगळीकडे १० मिमी मोकळी जागा हवी. बसवताना पाचरी लावायच्या आणि शेवटी आठवणीने काढायच्या. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही. रंगारी किंवा पीओपीवाला ती फट प्रेमाने बुजवून टाकतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

खोलीच्या मधोमध तंबूसारखं उठलं तर पाणी शोधण्याआधी स्कर्टिंग काढा. भिंतीला टेकलेली फळी सापडते. तेवढी कड कापली की बहुतेक वेळा काही दिवसांत जमीन आपोआप खाली बसते. भिंतीत बसवलेलं जड कपाट लॅमिनेटवर उभं करू नका, त्या बाजूने ते जखडतं. आधी कपाट, मग त्याच्यापर्यंत फळ्या. दाराचा स्टॉपरसुद्धा फळीतून स्क्रू मारून लावायचा नाही.

सई_ठाणे
आणि दार? ते घासणार ना खाली

रंधा
फळी ८ अधिक फोम २, म्हणजे १० मिमी उंची वाढते. दार काढून खालून रंधून घ्या. लाकडी चौकट असेल तर फळीचा तुकडा फोमसकट शेजारी ठेवून त्या उंचीवर करवतीने कापा, फळी आत सरकते. ग्रॅनाइटची असेल तर फट ठेवून ती झाकणारी पट्टी.

अजून दोन गोष्टी. पहिली रांग टाकण्याआधी खोलीची रुंदी मोजून फळीच्या रुंदीने भागा. शेवटची रांग ५ सेंमीपेक्षा बारीक येत असेल तर पहिलीच रांग चिरून घ्या. आणि शेजारच्या दोन रांगांचे आडवे सांधे एकमेकांपासून निदान ३० सेंमी दूर हवेत. जिगसॉने कापताना चित्राची बाजू खाली, हातकरवतीने वर. नाहीतर कडेचे टवके उडतात.

म्युनिककर
इथे भाड्याच्या घरांतही लॅमिनेट सर्रास असतं. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या असतील तर पृष्ठभाग २७ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि फोमही त्याला चालणारा पातळ लागतो.

शेवंती
निगा कोणी लिहिली नाही, मी लिहिते. बादलीभर पाणी ओतून फरशी पुसायची आपली सवय इथे सोडावी लागते. पोछा इतका पिळायचा की पुसलेलं मिनिटभरात कोरडं व्हावं. मावशींना एकदा शेजारी उभं राहून दाखवा, नुसतं सांगून कळत नाही. वाफेचा मॉप अजिबात नको. फिनाइल आणि मेण दोन्हींचा थर बसतो, मग प्रत्येक पाऊल उमटतं. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावा आणि ते दर काही महिन्यांनी बदला, त्यात खडे रुततात. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं हवंच, ओरखडे बुटांच्या वाळूने पडतात.

मोगरा७
देवघराखाली काय करायचं? तेल सांडतं, रांगोळी असते

शेवंती
समईखाली ताट, रांगोळी पाटावर. तेल लगेच टिपून कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून पुसा. रांगोळी दगडाची पूड असते, फडक्याने ओढू नका, ओरखडते. ब्रशने उचला. हळदीचा डाग वरच्या थरावर धरत नाही, सांध्यात मात्र पिवळी रेघ राहते.

मोगरा७
ताई, मग स्वयंपाकघरात टाकू की नको?

चुनाभट्टी
सिंक आणि वॉशिंग मशीनच्या खोलीत नको. तिथे एसपीसी (दगडाची पूड आणि प्लास्टिकची फळी) बघा, त्याच्या गाभ्यात लाकूड नसतं, पाण्याने फुगत नाही. जमिनीची लेव्हल मात्र त्यालाही तितकीच काटेकोर लागते.

पागोळी
बाल्कनीच्या दाराला दीड इंचाचा ग्रॅनाइटचा उंबरा करून घेते आता. कडेला कुठलं सीलंट?

रंधा
लवचिक राहणारं सिलिकॉन, फक्त त्या दाराच्या कडेला. सिमेंट किंवा ग्राउट भरू देऊ नका.