मदत हवी आहे: ६४-बिटवर चालणारा सी++ कोड ३२-बिट आर्मवर कंपाइल होत नाही

नमस्कार मंडळी,

फाइलचे तुकडे करून पाठवणारा छोटा सी++ प्रोग्राम आहे. ६४-बिट इंटेल लिनक्सवर जीसीसी कंपाइलर हूं की चूं करत नाही. तोच कोड रास्पबेरी पाय या आर्म प्रोसेसरवरच्या छोट्या संगणकाच्या ३२-बिट ओएससाठी बिल्ड केला की एररचा पाऊस.

पहिली भानगड एसटीडी::मिनची (दोन आकड्यांतला लहान देणारं टेम्प्लेट, दोन्ही एकाच टाइपचे लागतात). एक आर्ग्युमेंट साइझ_टी (आकार मोजायचा पूर्णांक टाइप), दुसरं यूइंट६४_टी (नेमका ६४ बिटांचा पूर्णांक). ६४-बिट लिनक्सवर दोन्ही अनसाइन्ड लाँगच, म्हणून खपून जातं. ३२-बिट आर्मवर मात्र पहिला अनसाइन्ड इंट आणि दुसरा अनसाइन्ड लाँग लाँग, त्यामुळे टेम्प्लेटला टाइप ठरवता येत नाही. साइझ_टीमध्ये कास्ट केलं की एरर जाते, पण मग ४ जीबीपेक्षा मोठ्या फाइलचा आकार गुपचूप छाटला जाणार. हे तर एररपेक्षा वाईट! म्हणून एसटीडी::मिन<यूइंट६४_टी> असं स्पष्ट लिहितोय.

प्रिंटएफमधल्या %एलयूच्या (अनसाइन्ड लाँग छापायची खूण) तक्रारी पीआरआययू६४ मॅक्रोने मिटल्या; तो यूइंट६४_टीसाठी योग्य खूण घालतो. दिसायला कुरूप, पण असो.

खरा अडलोय तो ओव्हरलोडपाशी, म्हणजे एकाच नावाच्या पण वेगळ्या टाइप घेणाऱ्या फंक्शनपाशी. लिही() हे फंक्शन यूइंट३२_टी आणि यूइंट६४_टी अशा दोन रूपांत आहे. एका जुन्या लायब्ररीकडून अनसाइन्ड लाँग येतो. आर्मवर तो या दोन्हींपैकी कुठलाच नाही, म्हणून कॉल संदिग्ध ठरतो. अनसाइन्ड लाँगचं तिसरं रूप लिहिलं, तर ६४-बिटवर तीच व्याख्या दोनदा झाल्याची एरर!

अशा वेळी टेम्प्लेट करून आत साइझऑफने टाइपचा आकार बघावा, की अनसाइन्ड इंट, लाँग आणि लाँग लाँग अशी मूळ टाइपचीच तीन रूपं ठेवावीत? शिवाय दर वेळी पायसाठी क्रॉस-कंपाइल करण्याऐवजी इंटेलवरच -एम३२ (३२-बिट बिल्डचा जीसीसी पर्याय) लावून बिल्ड केलं, तर या चुका पकडायला पुरेल का?