ग्रीसच्या क्लबात नाचलेल्यांनो, या इकडे

पैंजणवाली
परवा पुतण्याच्या वरातीत कुणीतरी नोटा उडवल्या आणि मला अथेन्स आठवलं. तिथल्या बुझुकी क्लबात (बुझुकी म्हणजे त्यांचं तंतुवाद्य, त्यावर रात्रभर गाणी) कार्नेशनची फुलं उडवतात. मुली परड्या घेऊन टेबलांमधून फिरतात, गिऱ्हाईक अख्खी परडी घेऊन गायिकेच्या अंगावर रिकामी करतं. आम्ही तिच्यामागे नाचणाऱ्या. रंग चढायचा मध्यरात्रीनंतर, तोवर स्टेजवर फुलांचा नुसता चिखल. दारूत भिजलेली पाकळी टाचेखाली आली की गेलातच! आम्ही सँडलला खालून रबर लावून घ्यायचो. अजून कोण होतं तिकडे?

खलाशीकाका
फुलं नंतरची गं. आधी बशा फोडायचे. लष्करी राजवटीने १९६९ ला बंदी घातली. पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, जहाज लागलं की तिथले म्हातारे आम्हाला बघून 'नर्गिस, नर्गिस' करायचे. हिंदी सिनेमांच्या चालींवर त्यांची कितीतरी गाणी आहेत.

उंबरठा
मी रोड्स बेटावर, फालिराकीत. करारात नाच, गेल्यावर 'टेबलावर बस'. गिऱ्हाइकाने पाजलेल्या प्रत्येक ग्लासवर कमिशन. नाही म्हटलं तर पगार अडकवला. मुलींनो, पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका. गोड बोलून मागतात.

पैंजणवाली
@उंबरठा बाई गं. सुटलीस कशी?

उंबरठा
सीझन संपला ऑक्टोबरात. बेट ओस पडतं, मालकालाच आम्ही नको होतो. बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

चहाबाज
म्हणजे लग्नात नागीन डान्स फुकट करणारे आम्हीच येडे 😂

निशाचर
२०१५ ला होते, ग्रीसच्या कर्जसंकटात. बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो. परदेशी कार्डांना सूट होती, पण आमचा पगार तिकडच्या खात्यात! रोख टिप मिळायची त्यावर भागलं.
आणि झेबेकिको विसरू नका. एकटा माणूस नाचतो, बाकीचे गुडघ्यावर बसून टाळ्या देतात. आमच्यातली एक उत्साहात मध्ये घुसली, मॅनेजरने दंडाला धरून ओढली. बरोबरच केलं म्हणा, भांडणं होतात त्यावरून.

सोनचाफा
अवांतर: दादरला कार्नेशन काय भाव आहे हल्ली? साखरपुड्याला हवीत.

चहाबाज
पहाटे जा, घासाघीस कर. उडवणार आहेस का?

सोनचाफा
सासूबाईंवर 😜